आल्प्समध्ये स्कीइंगला गेलात तर डोंगरावर जेवायचं कुठे आणि कसं

डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, आम्ही पहिल्यांदा स्कीइंगला चाललोय, बूट भाड्याने घेतले, क्लास बुक केला, हॉटेल झालं, पण दिवसभर वर डोंगरावर असणार तर जेवायचं कुठे? हा प्रश्न नेहमी सगळ्यात शेवटी येतो आणि खरं तर तो पहिल्या तीनात यायला हवा. मी म्युनिकला राहते, नऊ वर्षं झाली, दर हिवाळ्यात आम्ही ऑस्ट्रियातल्या टिरोलला जातो, बहुतेक वेळा स्कीवेल्टमध्ये. स्कीवेल्ट म्हणजे स्योल, शेफाउ, एलमाउ, गोइंग, होप्फगार्टन, ब्रिक्सन अशा गावांना लिफ्टनी जोडून केलेला एकच मोठा भाग, समोर विल्डर कायझर डोंगररांगेचे उभे करडे कडे, म्युनिकहून गाडीने साधारण शंभर किलोमीटर. तिथे जे शिकले ते सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण आल्प्समध्ये बाकी ठिकाणीही थोड्याफार फरकाने असंच असतं.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं विसरलात तरी ही लक्षात ठेवा. नवीन असाल तर जेवायची जागा चव बघून किंवा इन्स्टाग्रामवरचा फोटो बघून निवडायची नाही, जेवून झाल्यावर तिथून खाली कसं येणार हे बघून निवडायची.

वर नेमकं काय काय असतं

गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, जिथे संपतो तिथे बहुतेक वेळा एक मोठं सेल्फ सर्व्हिस रेस्टॉरंट असतं, शेकडो माणसं बसतील एवढं. ट्रे घ्यायचा, काउंटरवरून काय हवं ते घ्यायचं, शेवटी पैसे द्यायचे. चव ठीकठाक, पण नवीन माणसासाठी सगळ्यात सोयीचं, कारण लिफ्ट दारात असते, टॉयलेट असतं, आणि वेटरशी जर्मन बोलायचं टेन्शन नसतं.

दुसरा प्रकार म्हणजे हट, तिकडे ह्युटं किंवा आल्म म्हणतात. आल्म म्हणजे मुळात उन्हाळ्यातलं कुरण आणि तिथलं गवळ्याचं घर. जूनमध्ये गायी वर चरायला नेतात, सप्टेंबरमध्ये फुलांनी सजवून खाली आणतात, आणि त्याच लाकडी घरात हिवाळ्यात स्की करणाऱ्यांना जेवायला मिळतं. बरेचदा घरचीच माणसं चालवतात, चीज जवळच्या गावातलं असतं. इथे टेबलावर वेटर येतो. माझ्या मते आल्प्समध्ये जेवायची खरी मजा ही इथे आहे, पण सगळ्या आल्म सोप्या पिस्टवर, म्हणजे स्की करायच्या आखलेल्या उतारावर, नसतात.

तिसरं म्हणजे शिर्मबार, मोठ्या छत्रीच्या आकाराचा गोल बार, मोठ्याने गाणी चाललेली, लोक उभे राहून पीत असतात. तिथे जेवायला जाऊ नका, फार तर फ्राइज मिळतील.

आणि चौथं, जे लोक विसरतात, ते म्हणजे खाली गावात लिफ्टच्या पायथ्याशी असलेले कॅफे आणि बेकऱ्या. पहिले दोन दिवस तुम्ही बहुतेक पायथ्याजवळच्या किंवा मधल्या स्टेशनच्या सपाट मैदानावरच पडत-उठत असणार, तर तिथेच खा, उगाच वर जायचा अट्टहास करू नका.

आदल्या रात्री नकाशा उघडा

स्की पास, म्हणजे लिफ्टचं तिकीट, त्याच्यासोबत पिस्टचा घडीचा नकाशा फुकट मिळतो, अॅपवर पण असतो. त्यात काटा-सुरीचं चिन्ह म्हणजे खाण्याची जागा. आता तिथे जाणारी आणि तिथून निघणारी रेघ कुठल्या रंगाची आहे ते बघा, निळी म्हणजे सोपी, लाल म्हणजे मध्यम, काळी म्हणजे अवघड. नवीन माणसाला जातानाही निळी पाहिजे आणि निघतानाही निळी पाहिजे, नाहीतर हट गोंडोलाच्या स्टेशनला लागून पाहिजे म्हणजे पाय थकले तर सरळ गोंडोलात बसून खाली येता येतं. अजून एक बघायचं, परत यायच्या वाटेवर बटन किंवा टी आकाराच्या दांडीने ओढून नेणारी लिफ्ट आहे का, कारण भरल्या पोटी पहिल्यांदा तिच्यावर चढणं हे फार कष्टाचं काम आहे, आणि तिथे पडलात तर मागची सगळी रांग खोळंबते.

उदाहरण देते. स्कीवेल्टमध्ये होहे साल्वे नावाचं शिखर आहे, १८२९ मीटर, टोकाला छोटं चर्च आणि शेजारी रेस्टॉरंट, त्याची टेरेस हळूहळू गोल फिरते त्यामुळे एका जागी बसून आजूबाजूचे सगळे डोंगर दिसतात. सगळे म्हणतात तिथे जेवा. जा, जरूर जा, पण स्की शिकायच्या दुसऱ्या दिवशी जात असाल तर गोंडोलाने वर जा आणि गोंडोलानेच खाली या, कारण शिखरावरून उतरणारा उतार बराच तीव्र आहे. आमच्याबरोबर आलेला एक मित्र ग्रुपच्या नादाने तिथून स्की करत निघाला आणि अर्ध्या वाटेत स्की काढून, बगलेत धरून, कडेकडेने चालत उतरला, एक तास लागला त्याला आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. त्याऐवजी होखस्योल किंवा होखब्रिक्सनसारखी मधली स्टेशनं बघा, तिथे शिकणाऱ्यांसाठी मैदानं आहेत, खायला जागा आहेत, गोंडोला आहे, सगळं हाताशी.

नकाशावर दोन जागा ठरवून ठेवा, एक आवडीची आणि एक तिच्या जवळची, पहिली भरलेली असेल तर. आणि हटची साइट बघून घ्या, काहींना आठवड्यात एक दिवस सुट्टी असते, त्याला रुहेटाग म्हणतात, पाटी दारावर लागते पण तोवर तुम्ही तिथे पोचलेले असता.

किती वाजता जायचं

बारा ते सव्वा एक ही वेळ टाळा. सगळा डोंगर त्याच वेळी जेवायला येतो, फेब्रुवारीत जर्मनीतल्या शाळांना फाशिंगची, म्हणजे कार्निव्हलची, सुट्टी असते तेव्हा तर ट्रे धरून उभं राहायलाही जागा नसते. साडेअकराला जा, नाहीतर दीडनंतर. आम्ही नेहमी साडेअकराच करतो, सकाळी नऊला सुरू केलं की तोवर भूक लागलेली असते, आणि सगळे जेवायला बसतात तेव्हा पिस्ट रिकाम्या मिळतात, नवीन माणसाला रिकामी पिस्ट म्हणजे सोनं.

पण क्लास लावला असेल तर वेळ तुमच्या हातात नाही. बऱ्याच स्की स्कूलचा वेळ दहा ते बारा आणि एक ते तीन असा असतो, म्हणजे मधे एकच तास. त्या एका तासात बूट काढणं-घालणं, टॉयलेट, रांग, जेवण सगळं बसवायचं असतं, तर ग्रुप जिथे जमतो तिथून चालत दोन मिनिटांच्या आतली जागा पकडा. लहान मुलांसाठी बहुतेक स्की स्कूल जेवणासकट दिवसभर सांभाळतात, थोडे जास्त पैसे घेतात, पण आईबापांना त्या एका तासात धावपळ करावी लागत नाही. मूल व्हेज असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या आणि सकाळी टीचरला तोंडी परत सांगा.

पोचल्यावर

स्की दारात आडव्या टाकू नका, स्टँड असतो त्यात उभ्या ठेवा. भाड्याच्या स्की असतील तर एक इकडे आणि दुसरी चार हात लांब, दुसऱ्या कुणाच्या जोडीत ठेवा. त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या भाड्याच्या स्की दहा जणांकडे असतात, चोरीपेक्षा चुकून नेणारे जास्त. आमच्या मुलीच्या स्की अशाच गेल्या होत्या एकदा, कुणीतरी तिच्या नेल्या आणि सेम टू सेम दिसणाऱ्या पण दहा सेंटिमीटर लांब स्की ठेवून गेले, उरलेला दिवस तिथेच संपला. तेव्हापासून आम्ही स्कीच्या टोकाला पिवळी चिकटपट्टी लावतो आणि जोडी फोडून ठेवतो.

मग बुटाचे वरचे दोन बकल उघडा, चालायला सोपं जातं. आत जमिनीवर बर्फ वितळून पाणी झालेलं असतं, प्लास्टिकच्या तळव्याचा बूट फरशीवर सर्रकन घसरतो, आणि टॉयलेट बहुतेक ठिकाणी जिना उतरून तळघरात असतं. कठडा धरून, एकेक पायरी, टाच आधी टेकवत उतरा. गरम सूपचा ट्रे घेऊन चालताना तर फारच जपून, शक्य असेल तर एकाने टेबल धरावं आणि दुसऱ्याने दोन फेऱ्या माराव्यात.

वेटर असलेल्या हटमध्ये कुणी तुम्हाला बसवायला येत नाही, मोकळी जागा दिसेल तिथे आपणच बसायचं. फक्त रेझरविअर्ट अशी पाटी असेल तर नाही, आणि श्टामटिश लिहिलेलं टेबल असेल तर अजिबात नाही, ते गावातल्या नेहमीच्या माणसांचं टेबल असतं, रिकामं दिसलं तरी त्यांच्यासाठीच राखलेलं. मोठ्या टेबलावर चार जण बसलेत आणि चार जागा मोकळ्या आहेत, तर 'इस्ट हिअर नोख फ्राय?' एवढं विचारायचं, म्हणजे इथे जागा मोकळी आहे का, ते सरकून जागा देतात. दुपारी एकमेकांना 'मालत्साइट' म्हणतात, म्हणजे जेवणाच्या शुभेच्छा असं समजा, अनोळखी माणसांनाही म्हणतात. डोंगरावर एकमेकांना आदरार्थी झी न म्हणता सरळ डू म्हणायची पद्धत आहे, वेटर तुम्हाला अरे-तुरे करतोय असं वाटलं तर तो अपमान नाही, उलट आपलेपणा आहे.

ऊन असेल तर सगळे बाहेर बसतात, बाकांवर मेंढीचं कातडं अंथरलेलं असतं. बाहेर बसा पण तोंडाला सनस्क्रीन परत लावा, बर्फावरून ऊन परावर्तित होऊन हनुवटीखालीसुद्धा भाजतं. घामाने ओला झालेला टीशर्ट घालून सावलीत मात्र बसू नका, दहा मिनिटांत हुडहुडी भरते. आत बसलात आणि टाइल्सची मोठी शेगडी दिसली तर तिच्या जवळची जागा धरा, मोजे-हातमोजे तिच्या कठड्यावर वाळत घालायला कुणी हरकत घेत नाही.

काय मागवायचं

स्कीइंगला शक्ती लागते पण पोट तुडुंब भरून पाय चालत नाहीत, म्हणून दोघांत एक गोड आणि एक तिखटमिठाचं असं आम्ही वाटून घेतो.

कायझरश्मार्न पहिल्यांदा मागवाच. अंड्याचं जाड, फुगलेलं पीठ तव्यावर लोण्यात भाजून मग उलथन्याने फाडून त्याचे तुकडे करतात, साखर घालून परततात म्हणजे कडा कुरकुरीत आणि आत मऊ लुसलुशीत. चांगल्या हटमध्ये लोखंडी कढईसकट टेबलावर येतं, वरून पिठीसाखर भुरभुरलेली, बाजूला वाटीत शिजवलेले आलुबुखार किंवा सफरचंदाचा गर. नाव ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफवरून पडलं म्हणतात. ते ताजं करायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे पाच मिनिटांत आलं तर समजा आधीच करून ठेवलेलं होतं. काही ठिकाणी बेदाणे रममध्ये भिजवलेले असतात, मुलांसाठी मागवताना विचारून घ्या. एका प्लेटमध्ये दोन माणसं आरामात जेवतात.

गेर्मक्नोडल म्हणजे मुठीपेक्षा मोठा वाफवलेला यीस्टचा गोळा, आत आलुबुखाराचा घट्ट जाम, वर खसखस आणि साखर, आणि सोबत वितळलेलं लोणी किंवा व्हॅनिला सॉस. मी लोणीवालाच घेते. चमच्याने फोडला की वाफ वर येते आणि काळसर जाम हळूच बाहेर पडतो, आईला तो बघून उकडीच्या मोदकाची आठवण झाली होती.

केझश्पेट्सलं म्हणजे छोट्या छोट्या पिठाच्या गोळ्या चीजमध्ये घोळवून वर खरपूस तळलेला कांदा, पॅनमध्येच येतात, व्हेज माणसाचं ठरलेलं जेवण. कासप्रेसक्नोडल म्हणजे पाव आणि चीजची चपटी टिक्की, आपल्या पॅटीसच्या जवळ जाणारी. श्पिनाटक्नोडल म्हणजे पालकाचे गोळे, वर तूप-लोणी आणि चीज. टिरोलर ग्रोस्टल म्हणजे बटाटे, कांदा, मांस परतून वर अंडं, नॉनव्हेजवाल्यांना फार आवडतं. श्नित्सल सगळीकडे, पण मेन्यूवर नुसतं वीनर श्नित्सल असेल तर ते वासराच्या मांसाचं, 'फॉम श्वाइन' असेल तर डुकराचं, चिकन हवं असेल तर 'हून' किंवा 'हेंडल' शब्द शोधा. ब्रेटलयाउझं म्हणजे लाकडी पाटावर थंड मांस, चीज, काकडी आणि पाव, दोघातिघांनी वाटून खायचं.

प्यायला स्कीवासर, रासबेरी आणि लिंबाचं सरबत पाण्यात, मुलांना जीव की प्राण. नाहीतर आल्मडुडलर, ऑस्ट्रियाचं स्वतःचं वनस्पतींच्या चवीचं सोडा ड्रिंक, १९५७ पासूनचं. पाणी भरपूर प्या, उंचावर आणि थंडीत तहान कळत नाही आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. नळाचं पाणी मागितलं तर काही ठिकाणी त्याचेही थोडे पैसे घेतात, तेव्हा बाटली सोबत ठेवा. यागाटे नावाचा चहा दिसेल, त्यात चहा नावापुरता आणि रम भरपूर असते, थंडीत गरम वाटतो म्हणून दोन कप पिऊन पिस्टवर जाणारे मी पाहिलेत. नवीन असाल तर दारू सगळी खाली आल्यावर, स्की काढून ठेवल्यावर.

व्हेज असाल तर हे नीट वाचा

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितेय. चार वर्षांपूर्वी आई आली होती, तिला घेऊन आम्ही वर गेलो, एका हटमध्ये मी वेटरला व्हेजिटेरियन सूप आहे का विचारलं, तो हो म्हणाला, फ्रिटाटनसुपे आणलं, वर पॅनकेकच्या नाजूक पट्ट्या तरंगत होत्या, मांसाचा तुकडा कुठेही नाही. आईने अर्धा बाऊल संपवला आणि मग शेजारच्या बाईंनी सहज सांगितलं की हे गाईच्या हाडांच्या रस्स्यात करतात. आईने चमचा खाली ठेवला, काही बोलली नाही, पण दोन दिवस तिने बाहेर काही खाल्लं नाही. वेटर खोटं बोलला नव्हता, त्याच्या डोक्यात व्हेज म्हणजे मांसाचे तुकडे नसलेलं एवढंच होतं. चूक विचारण्यात होती आणि ती माझी होती.

तर सूपच्या बाबतीत 'रिंडसुपे' हा शब्द लक्षात ठेवा, रिंड म्हणजे गाय-बैलाचं मांस. फ्रिटाटनसुपे, कासप्रेसक्नोडलसुपे, बऱ्याचदा नूडल सूप, सगळी ह्याच रस्स्यात. कासप्रेसक्नोडल हवा असेल तर सूपऐवजी सॅलडसोबत मागा, बहुतेक ठिकाणी तसाही मिळतो. गुलाशसुपे तर गोमांसाचंच. 'श्पेक' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, ते बटाट्याच्या भाजीत, कोबीच्या सॅलडवर, क्नोडलच्या आत कुठेही बारीक तुकडे करून घातलेलं असू शकतं. म्हणून ऑर्डर देताना 'ओनं फ्लाइश, ओनं श्पेक, ओनं रिंडसुपे' हे तिन्ही म्हणायचे, म्हणजे मांस नको, श्पेक नको, गाईचा रस्सा नको. फोनवर लिहून दाखवलंत तरी चालतं.

अंडं चालत नसेल तर मेन्यूवर पदार्थाच्या नावापुढे छोटी इंग्रजी अक्षरं असतात ती बघा. ऑस्ट्रियात अॅलर्जीसाठी ही पद्धत आहे, ए म्हणजे गहू वगैरे ग्लूटेन, सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, एच म्हणजे बदाम-अक्रोडसारखा सुकामेवा, एल म्हणजे सेलरी. ज्याच्यापुढे सी नाही त्यात अंडं नाही. कायझरश्मार्न आणि श्पेट्सलं दोन्हीत अंडं असतं, त्यामुळे अंडं न खाणाऱ्याला फ्राइज, टोमॅटो सॉसचा पास्ता, सॅलड, पाव आणि चीज एवढंच उरतं, आणि पास्त्याच्या पुढेही ते अक्षर आहे का बघायचंच. मात्र मांसाच्या रस्स्यासाठी कुठलंही अक्षर नाही, तो तोंडीच विचारावा लागतो. फ्राइज आणि श्नित्सल एकाच तेलात तळतात हेही गृहीत धरा.

चीजमध्ये रेनेट चालत नसेल, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, तर टिरोलचा ग्राउकेझ विचारा. तो आंबवलेल्या दुधापासून रेनेटशिवाय करतात, वास उग्र, चव आंबट, व्हिनेगर आणि कच्चा कांदा घालून पावासोबत देतात. सगळ्यांना झेपत नाही पण मला फार आवडतो. टिरोलमधल्याच त्सिलरटाल दरीत गेलात तर तिथले त्सिलरटालर क्राप्फन खा, पातळ पोळीत बटाटा, ग्राउकेझ आणि हिरवी पात भरून तळलेले, चवीला आपल्या करंजी आणि पराठ्याच्या मधलं काहीतरी, फक्त कशात तळलेत ते विचारा.

घरचा डबा

डबा न्यायचा की नाही? न्या, पण रेस्टॉरंटच्या टेबलावर उघडू नका, ते तिथे अगदीच वाईट दिसतं आणि मनाईची पाटीही असते. बाहेर पिस्टच्या कडेला मोकळे बाक असतात, स्वच्छ ऊन असेल तर तिथे चपातीचा रोल छान लागतो. स्की स्कूलच्या मुलांसाठी खिशात एखादी चिक्की असू द्या. डिंकाचा लाडू बाहेरच्या कप्प्यात ठेवलात तर दगड होतो, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थर्मासमध्ये चहा, आणि कचरा सगळा परत आणायचा, केळ्याचं सालसुद्धा, थंडीत ते कुजत नाही, वसंतात बर्फ वितळला की तसंच्या तसं गाईच्या कुरणात पडलेलं असतं.

पैसे

हल्ली टिरोलमध्ये हटमधलं सूप साधारण सहा ते आठ युरो, मुख्य डिश पंधरा ते वीस, ड्रिंक चार ते सहा. चौघांचं जेवण सत्तर-ऐंशीच्या घरात सहज जातं. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये कार्ड चालतं, लहान हटमध्ये 'नूर बारत्साह्लुंग' म्हणजे फक्त रोख अशी पाटी असू शकते, पन्नासची एक नोट खिशात ठेवा. बिल हवं असेल तर 'त्साह्लन बिटे' म्हणायचं, वेटर विचारतो 'त्सुझामन ओडर गेट्रेंट', एकत्र की वेगळं, ग्रुपने गेलात तर वेगळं म्हणायला संकोच करू नका, तो प्रत्येकाचा वेगळा हिशोब करून देतो. टिप टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही, बिल ४७ झालं तर ५० ची नोट देताना तोंडाने 'फ्युन्फत्सिग' म्हणायचं, म्हणजे उरलेले त्याला. पाच ते दहा टक्के धरा.

मुलांसाठी 'रॉयबरटेलर' हा शब्द शोधा, दरोडेखोराची प्लेट. रिकामी प्लेट आणि काटा-चमचा देतात, मुलाने आईबाबांच्या ताटातून लुटून खायचं. लहान मूल अर्धी श्नित्सल टाकणारच असेल तर हे उत्तम.

स्की न करणाऱ्यांना घेऊन

आई-बाबा, सासू-सासरे सोबत असतील तर त्यांना खाली हॉटेलवर बसवून ठेवू नका. बऱ्याच गोंडोलांना पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट असतं, वर हिवाळी चालायच्या वाटा केलेल्या असतात, आणि तुम्ही सगळे साडेअकराला स्टेशनच्याच रेस्टॉरंटमध्ये भेटू शकता. पिस्टवरून चालत हटपर्यंत येऊ देऊ नका, ते धोक्याचं आहे. खोल तळव्याचे बूट हवेत, साध्या स्पोर्ट्स शूजवर घसरतात. टिरोलमधल्या स्टुबाईच्या ग्लेशियरवर आइसग्राट नावाच्या लिफ्ट स्टेशनला, २९०० मीटरवर, आम्ही बाबांना असंच नेलं होतं, तिथे त्यांना जिना चढताना धाप लागली, तर इतक्या उंचीवर नेणार असाल तर बीपी-हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

टिरोल सोडून दुसरीकडे जाणार असाल तर

थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंडमध्ये सगळं महाग, पण क्लायनं शायडेक खिंडीत, २०६१ मीटरवर, आयगर पर्वताच्या भिंतीखाली बसून रोस्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर, खाणं हे आयुष्यात एकदा करण्यासारखं आहे, रोस्टीत श्पेक आहे का तेवढं विचारा. तिथून ट्रेनने युंगफ्राउयोखला गेलं की भारतीय जेवण मिळतं म्हणून आपले लोक खूश असतात, पण पिस्टवर ते मिळेल अशी आशा धरू नका. इटलीत डोलोमाइट्सकडे जेवण सगळ्यात चांगलं आणि व्हेजला सोपं, पास्ता, मशरूम घातलेली पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायची. सेलारोंडा, म्हणजे सेला डोंगराभोवतीची स्कीची फेरी, मारणार असाल तर जेवणावर वेळ फार घालवू नका, चार खिंडी ओलांडून परत यायचं असतं आणि एक लिफ्ट चुकली की दुसऱ्या दरीत अडकता. फ्रान्समध्ये स्वतःचा डबा नेणाऱ्यांची सोय चांगली, 'साल ओर-साक' नावाच्या खोलीत स्वतःचं खाता येतं, मात्र तार्तिफ्लेत नावाच्या बटाटा-चीजच्या डिशमध्ये डुकराचं मांस असतं.

जेवून निघताना

उठायच्या आधी टॉयलेटला जाऊन या, पुढचं कुठे आहे माहीत नसतं. बुटाचे बकल परत घट्ट करा, हे विसरून निघणारे पहिल्याच वळणावर पडतात. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पास, चार गोष्टी मोजा. जेवणानंतर पाय गार आणि जड झालेले असतात, म्हणून पहिली उतरण सगळ्यात सोपी घ्या, सकाळी जमलेली लाल पिस्ट दुपारी तशी राहत नाही, मार्चमध्ये बर्फ भुसभुशीत होऊन ढीग होतात आणि जानेवारीत सावलीतला भाग काचेसारखा कडक होतो. जमेल असं वाटत नसेल तर गोंडोलात बसा, त्यात काहीही कमीपणा नाही, तिथले लोकही तेच करतात.

लिफ्ट चारच्या आसपास बंद होतात, नेमकी वेळ प्रत्येक स्टेशनवर लिहिलेली असते, येताना फोटो काढून ठेवा. साडेतीनला हटमधून निघायचं असा नियम करा. पाचच्या सुमारास पिस्ट अधिकृतपणे बंद होतात आणि बर्फ सपाट करणारी मोठी मशिनं बाहेर पडतात, तीव्र उतारावर ती पोलादी दोराने वर बांधलेली असतात, तो दोर शेकडो मीटर ताणलेला असतो, अंधारात दिसत नाही, आणि एका क्षणात बर्फातून उसळून वर येतो. त्या दोराला धडकून माणसं मेलेली आहेत. संध्याकाळी हटमध्ये जेवायची हौस असेल तर अशी हट बघा जिथे गोंडोला किंवा स्नोमोबाइलने नेतात-आणतात, किंवा घसरगाडीची स्वतंत्र, दिवे लावलेली वाट आहे.

फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी धडाधड उतरते, आणि दोन नंबर सेव्ह करून ठेवा, ऑस्ट्रियातली डोंगरावरची मदत १४० आणि युरोपभर चालणारा ११२. पडलात किंवा वाट चुकलात तर पिस्टच्या कडेला जवळच्या खांबावर त्या पिस्टचा नंबर लिहिलेला असतो, तो वाचून सांगा.